अनेक बिंदुप्रभारांचे एकत्रित विद्युत क्षेत्र कसे काढावे

दोन, तीन किंवा दहा बिंदुप्रभारांमुळे एखाद्या जागी मिळून किती विद्युत क्षेत्र निर्माण होते, हे काढण्याचे गणित विज्ञान शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे येते आणि दोन प्रभारांमधले बल सांगणारा कूलोमचा नियम तोंडपाठ असलेल्यांचेही उत्तर इथे हमखास चुकते. वह्या तपासताना दिसते ते असे, की सूत्र बरोबर असते, आकडेमोडही बहुधा बरोबर असते, पण क्षेत्राला दिशा असते ही गोष्ट शेवटच्या बेरजेच्या वेळी हातातून निसटलेली असते. म्हणून इथे सांगितलेल्या पद्धतीत बाण आधी काढायचे आहेत आणि आकडे नंतर लिहायचे आहेत. हा क्रम पाळला, तर उरते ती केवळ बेरीज.

एका प्रभारापासून सुरुवात

एखाद्या जागी अगदी लहानसा धन प्रभार आणून ठेवला, तर त्याच्यावर दर कूलोममागे (कूलोम हे प्रभाराचे एकक) जेवढे बल लागेल आणि ज्या दिशेने लागेल, तेवढे आणि त्याच दिशेचे विद्युत क्षेत्र त्या जागी आहे असे आपण म्हणतो. हा परीक्षण प्रभार लहान हवा, कारण तो मोठा असला तर आजूबाजूचे प्रभार त्याच्यामुळे जागचे हलतील आणि ज्याचे मोजमाप करायचे तेच बदलून जाईल. परीक्षण प्रभार उचलून घेतला तरी क्षेत्र तिथेच राहते. ते मूळ प्रभारांमुळे आहे, परीक्षण प्रभारामुळे नाही.

एका बिंदुप्रभाराच्या क्षेत्राचे परिमाण, म्हणजे दिशा सोडून नुसता आकडा, काढण्यासाठी ९ अब्ज या स्थिरांकाला कूलोममधील प्रभाराने गुणायचे आणि मीटरमधील अंतराच्या वर्गाने भागायचे. उत्तर न्यूटन प्रति कूलोम या एककात येते. स्थिरांकाची अधिक नेमकी किंमत ८.९९ अब्ज आहे, परंतु हाताने गणित करताना ९ अब्ज पुरेसा होतो. प्रयोगशाळेतले प्रभार सहसा नॅनोकूलोममध्ये, म्हणजे कूलोमच्या अब्जांश भागात असतात, आणि याचा एक मोठा फायदा आहे: अब्ज आणि अब्जांश एकमेकांना छेदतात, त्यामुळे ८ नॅनोकूलोम असेल तर अंशस्थानी सरळ ९ × ८ म्हणजे ७२ लिहिता येतात. शून्यांच्या रांगा मोजत बसावे लागत नाही.

अंतराच्या बाबतीत दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे सेंटिमीटरचे मीटर न करणे. अंतराचा वर्ग होत असल्यामुळे ही चूक शंभर पटींची न राहता दहा हजार पटींची होते. दुसरी चूक अधिक खोल आहे. क्षेत्र काढताना लागणारे अंतर हे प्रभारापासून आपल्या बिंदूपर्यंतचे असते, एका प्रभारापासून दुसऱ्या प्रभारापर्यंतचे नव्हे. आकृतीत दोन प्रभारांमधले अंतर ठळकपणे दिलेले असते म्हणून तेच सूत्रात घातले जाते, आणि प्रश्नातला बिंदू बिचारा बाजूलाच राहतो.

दिशेचा नियम साधा आहे. धन प्रभाराचे क्षेत्र त्याच्यापासून दूर जाते, ऋण प्रभाराचे क्षेत्र त्याच्याकडे येते. बाण नेहमी त्या बिंदूपासून सुरू करावा, प्रभारापासून नव्हे, कारण आपल्याला क्षेत्र हवे आहे ते त्या बिंदूपाशी.

बेरीज करता येते ती कशामुळे

शार्ल-ऑगस्तँ द कूलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७८५ मध्ये बारीक तारेला पडणाऱ्या पिळावरून बल मोजणारा तराजू वापरून जो नियम मांडला, तो दोन प्रभारांपुरता आहे. तिसरा प्रभार जवळ आणला तर पहिल्या दोघांमधले बल बदलत नाही, ही गोष्ट त्या नियमातून आपोआप निघत नाही. तो निसर्गाविषयीचा स्वतंत्र अनुभव आहे, आणि त्यालाच अध्यारोपणाचे तत्त्व म्हणतात: प्रत्येक प्रभार जणू एकटाच आहे असे समजून त्याचे क्षेत्र काढावे, आणि मग सर्व क्षेत्रांची सदिश, म्हणजे दिशा लक्षात घेऊन केलेली, बेरीज करावी. मधे आलेला एखादा प्रभार दुसऱ्याचे क्षेत्र अडवत नाही, गिळत नाही किंवा वाकवतही नाही. एकत्रित क्षेत्राच्या रेषा वाकलेल्या दिसतात, परंतु ते प्रत्येक ठिकाणच्या बेरजेचे चित्र असते. स्वतंत्रपणे पाहिले तर प्रत्येक प्रभाराचे क्षेत्र सरळच असते.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते. हे तत्त्व वापरताना प्रभार आपल्या जागी स्थिर आहेत असे आपण धरतो. जवळपास धातूची वस्तू असेल, तर तिच्यातले मुक्त इलेक्ट्रॉन सरकतात आणि तिच्या पृष्ठभागावर नवे प्रभार साठतात. तेव्हाही अध्यारोपण मोडत नाही, मात्र या सरकलेल्या प्रभारांनाही बेरजेत घ्यावे लागते. पुढे ढगाच्या उदाहरणात नेमका हाच मुद्दा येणार आहे.

आलेख कागदावर एक उदाहरण

एक आलेख कागद, पट्टी आणि दोन रंगांची पेने घ्यावीत. कागदाच्या डाव्या खालच्या भागात अ हा बिंदू घ्या आणि तिथे धन ८ नॅनोकूलोम प्रभार आहे असे समजा. अ पासून उजवीकडे ३० सेंटिमीटरवर ब हा बिंदू आहे आणि तिथे ऋण १० नॅनोकूलोम प्रभार आहे. अ च्या बरोबर वर ४० सेंटिमीटरवर प हा बिंदू आहे, आणि तिथले क्षेत्र आपल्याला काढायचे आहे. कागदावर १० सेंटिमीटरसाठी १ सेंटिमीटर घेतल्यास अब ३ सेंटिमीटर, अप ४ सेंटिमीटर आणि पब ५ सेंटिमीटर येईल. प च्या वर आणखी पाच-सहा सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी, कारण बाण तिथे काढायचे आहेत.

आकडे हातात नसतानाच बाणांच्या दिशा ठरवा. अ वरचा प्रभार धन आहे, म्हणून त्याचा बाण प पासून सरळ वर जाईल. ब वरचा ऋण आहे, म्हणून त्याचा बाण प पासून ब कडे, म्हणजे उजवीकडे खाली तिरपा जाईल. एवढ्यावरूनच उत्तराविषयी बरेच कळते: आडव्या दिशेने ढकलणारा एकच बाण आहे आणि तो उजवीकडे आहे, म्हणून एकत्रित क्षेत्राला उजवीकडचा घटक असणारच. उभ्या दिशेत दोन्ही बाण एकमेकांविरुद्ध आहेत, तेव्हा तिथे वजाबाकी होणार. उत्तर डावीकडे झुकलेले आले, तर गणित पुन्हा तपासावे लागेल हे आताच ठरून जाते.

आता परिमाणे काढू. अ मुळे ७२ भागिले ०.४ चा वर्ग, म्हणजे ७२ भागिले ०.१६, म्हणजे ४५० न्यूटन प्रति कूलोम. ब मुळे ९० भागिले ०.५ चा वर्ग, म्हणजे ९० भागिले ०.२५, म्हणजे ३६० न्यूटन प्रति कूलोम. याच टप्प्यावर कोणी दोन्ही मिळवून ८१० लिहितो, तर कोणी दुसरा प्रभार ऋण आहे म्हणून वजा करून ९० लिहितो. दोन्ही उत्तरे चूक आहेत, कारण हे दोन बाण एका रेषेत नाहीत.

तिरप्या बाणाचे घटक पाडण्यासाठी कोन मोजण्याची किंवा कोष्टक पाहण्याची गरज नाही. त्रिकोणाच्या बाजूच ते काम करतात. प पासून ब कडे जाताना ५० सेंटिमीटरच्या वाटेत आपण ३० सेंटिमीटर उजवीकडे आणि ४० सेंटिमीटर खाली येतो. म्हणून ३६० पैकी तीन पंचमांश म्हणजे २१६ उजवीकडे आणि चार पंचमांश म्हणजे २८८ खाली. उभ्या दिशेत वरचे ४५० आणि खालचे २८८ यांची वजाबाकी करून १६२ वर उरतात. आडव्या दिशेत २१६ उजवीकडे आहेतच. २१६ चा वर्ग ४६,६५६ आणि १६२ चा वर्ग २६,२४४. त्यांची बेरीज ७२,९०० आणि तिचे वर्गमूळ २७०. प पाशी एकत्रित क्षेत्र २७० न्यूटन प्रति कूलोम आहे आणि ते आडव्या रेषेच्या वर सुमारे ३७ अंशांचा कोन करून उजवीकडे जाते.

हेच कागदावर पडताळून पाहावे. बाणांसाठी १०० न्यूटन प्रति कूलोमला १ सेंटिमीटर असे प्रमाण घ्या. (अंतराचे प्रमाण वेगळे आणि क्षेत्राचे प्रमाण वेगळे; दोन्ही कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत, नाहीतर बाणाचे टोक ब पर्यंत पोहोचायला हवे असा भलताच समज होतो.) प पासून ४.५ सेंटिमीटरचा उभा बाण काढा. त्याच्या टोकापासून पब ला समांतर, उजवीकडे खाली, ३.६ सेंटिमीटरचा दुसरा बाण काढा. आता प पासून या दुसऱ्या बाणाच्या टोकापर्यंत पट्टी लावली, की ती २.७ सेंटिमीटर दाखवते. ज्यांना सदिश बेरीज ही केवळ परीक्षेपुरती क्रिया वाटते, त्यांनी हा बाण एकदा स्वतःच्या हाताने काढून मोजावा असे मला मनापासून वाटते. आकडेमोडीतून आलेले २७० आणि पट्टीवर दिसणारे २.७ जुळतात तेव्हा या विषयाचा जो विश्वास बसतो, तो दहा सोडवलेली उदाहरणे वाचूनही बसत नाही.

ब वरचा प्रभार धन असता तर काय झाले असते? परिमाण ३६० च राहिले असते, पण तिरपा बाण उलटा फिरून डावीकडे वर गेला असता. मग आडवा घटक डावीकडे २१६, उभा घटक ४५० अधिक २८८ म्हणजे ७३८, आणि एकत्रित क्षेत्र सुमारे ७६९. दोन्ही वेळा अंतरे तीच आणि परिमाणेही तीच असताना एका चिन्हाने उत्तर जवळजवळ तिप्पट झाले.

चिन्ह कुठे वापरायचे

ऋण चिन्हाचा हिशेब एकदाच करायचा असतो. वरच्या पद्धतीत तो बाणाची दिशा ठरवताना झाला, म्हणून परिमाण काढताना १० हा आकडा धनच घेतला. ज्याने बाण ब कडे काढला आणि सूत्रातही वजा १० घातले, त्याने एकच गोष्ट दोनदा उलटवली आणि तो मूळ जागी परत आला.

प्रभार तीन-चारपेक्षा जास्त असतील, तेव्हा चिन्ह सूत्रातच ठेवणारी दुसरी पद्धत सोयीची पडते. संगणकावर स्प्रेडशीट उघडावी आणि प्रत्येक प्रभाराला एक ओळ द्यावी. पहिल्या रकान्यांत प्रभार चिन्हासह आणि त्याचे आडवे-उभे स्थान लिहावे. पुढच्या दोन रकान्यांत बिंदूच्या स्थानातून प्रभाराचे स्थान वजा करून आडवा फरक आणि उभा फरक काढावा. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे अंतर. मग ९ अब्जाला प्रभाराने गुणून अंतराच्या घनाने भागावे आणि त्या उत्तराला एकदा आडव्या फरकाने, एकदा उभ्या फरकाने गुणावे. हे दोन आकडे म्हणजे त्या प्रभाराचे दोन घटक. अंतराचा घन पाहून काहींना शंका येते, पण त्यातला एक घात फरकाला अंतराने भागून नुसती दिशा काढण्यासाठी खर्च झालेला असतो आणि नियमाचा वर्ग शाबूत राहतो. शेवटी आडव्या घटकांचा रकाना आणि उभ्या घटकांचा रकाना वेगवेगळा मिळवावा. आपल्या उदाहरणातल्या ब साठी फरक वजा ०.३ आणि अधिक ०.४ येतात, अंतराचा घन ०.१२५ येतो, वजा ९० भागिले ०.१२५ म्हणजे वजा ७२०, आणि घटक अधिक २१६ व वजा २८८. दिशा कोठेही विचारात न घेता तीच आली. कोष्टक नव्याने तयार केले, की आधी दोन समान धन प्रभारांच्या मध्यबिंदूवर ते चालवून पाहावे. तिथे शून्य आले नाही, तर एखाद्या रकान्यात चूक आहे.

क्षेत्र शून्य कुठे होते, आणि जवळजवळ शून्य कुठे

दोन प्रभारांमुळे क्षेत्र शून्य होणारी जागा शोधतानाही बाण आधी पाहावेत. धन ४ मायक्रोकूलोम (म्हणजे कूलोमचे ४ दशलक्षांश भाग) आणि धन १ मायक्रोकूलोम हे प्रभार ३० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर बाण एकमेकांविरुद्ध येतात ते दोघांच्या मधल्या भागात. तिथे मोठ्या प्रभारापासून २० आणि लहानापासून १० सेंटिमीटरवर दोन्ही क्षेत्रे ९ लाख न्यूटन प्रति कूलोम होऊन एकमेकांना रद्द करतात. लहान प्रभार ऋण केला, की मधल्या भागात दोन्ही बाण एकाच दिशेने जातात आणि तिथे शून्य शोधणे व्यर्थ ठरते. आता शून्यबिंदू लहान प्रभाराच्या पलीकडे, त्याच्यापासून ३० आणि मोठ्यापासून ६० सेंटिमीटरवर सापडतो. तिथे दोन्ही क्षेत्रे १ लाख आहेत. समीकरण सोडवले तर दोन उत्तरे येतात आणि त्यातले कोणते घ्यायचे हे समीकरण सांगत नाही. ते बाणच सांगतात.

समान परिमाणाच्या पण विरुद्ध चिन्हांच्या प्रभारांची जोडी, म्हणजे विद्युत द्विध्रुव, हा जवळजवळ शून्याचा महत्त्वाचा नमुना आहे. धन १ आणि ऋण १ नॅनोकूलोम एकमेकांपासून १ सेंटिमीटरवर ठेवले आणि त्यांच्याच रेषेत, जोडीच्या मध्यापासून १ मीटरवर क्षेत्र पाहिले, तर जवळच्या प्रभाराचे ९.०९ आणि दूरच्याचे उलट दिशेने ८.९१ येते, उरतात केवळ ०.१८ न्यूटन प्रति कूलोम. एकट्या प्रभाराने दिलेल्या ९ चा हा पन्नासावा भाग आहे. अशा वजाबाकीत दशांश स्थळे राखून ठेवावी लागतात, कारण दोन्ही आकडे ९ असे पूर्णांकात लिहिले, तर द्विध्रुवाचे क्षेत्रच नाहीसे होते. लांबवर गेल्यास हे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या नव्हे, तर घनाच्या प्रमाणात घटते. पाण्याचा रेणू एकूण उदासीन असूनही मीठ विरघळवू शकतो, तो याच उरलेल्या क्षेत्राच्या जोरावर, कारण सोडियमचा आयन त्याच्या अगदी लगत असतो.

वळवाच्या ढगाखाली

आता एक मोठे उदाहरण घेऊ. गडगडाटी ढगाचे ढोबळ चित्र म्हणून सुमारे १० किलोमीटर उंचीवर धन ४० कूलोम आणि ५ किलोमीटर उंचीवर ऋण ४० कूलोम असे दोन बिंदुप्रभार धरता येतात. जमीन वाहक आहे, म्हणून तिच्यावर प्रभार सरकतात आणि त्यांनाही बेरजेत घ्यायचे आहे. सपाट वाहक पृष्ठभागासाठी हे काम सोपे करणारी युक्ती अशी, की प्रत्येक प्रभाराच्या बरोबर खाली, जमिनीत तेवढ्याच खोलीवर, विरुद्ध चिन्हाचा एक प्रतिमा-प्रभार आहे असे समजावे. जमिनीवरच्या कोणत्याही बिंदूपाशी मूळ आणि प्रतिमा यांचे आडवे घटक एकमेकांना रद्द करतात आणि उभे घटक दुप्पट होतात. म्हणून प्रत्येक प्रभाराचे जमिनीवरचे क्षेत्र काढताना ९ अब्जाची दुप्पट, प्रभार आणि उंची यांचा गुणाकार करायचा आणि त्याला तिरप्या अंतराच्या घनाने भागायचे.

ढगाच्या बरोबर खाली धन प्रभाराचे क्षेत्र ७,२०० खालच्या दिशेने आणि ऋण प्रभाराचे २८,८०० वरच्या दिशेने येते. एकत्रित २१,६०० वर. (न्यूटन प्रति कूलोम आणि व्होल्ट प्रति मीटर ही एकाच राशीची दोन नावे आहेत, हवामानशास्त्रात दुसरे वापरतात.) प्रभार समान असूनही जवळचा ऋण प्रभार जिंकतो. आता ढगापासून २० किलोमीटर दूर जा. तिथे दोन्ही प्रभार जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, परंतु वरच्या प्रभाराचे क्षेत्र अधिक उभे येते, म्हणून त्याचा उभा घटक मोठा ठरतो: खालच्या दिशेने ६४४, वरच्या दिशेने ४११, एकत्रित २३३ खाली. म्हणजे दिशा उलटली. ही दोन्ही क्षेत्रे समान होतात ते अंतर या आकड्यांसाठी सुमारे १० किलोमीटर येते.

निरभ्र दिवशी जमिनीलगत क्षेत्र साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर आणि खालच्या दिशेने असते. तेव्हा लांबून येणारा ढग आधी तेच क्षेत्र थोडे वाढवतो आणि जवळ आल्यावर ते उलटवून टाकतो. जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेले आकडे मात्र आपल्या २१,६०० पेक्षा बरेच लहान, सहसा १०,००० च्या आत असतात, कारण गवताच्या पात्यांची आणि झाडांच्या शेंड्यांची टोके अशा क्षेत्रात हवेत प्रभार सोडू लागतात आणि जमिनीलगत त्यांचा एक थर तयार होऊन क्षेत्र कमी करतो. तो थर म्हणजे बेरजेत न धरलेले आणखी प्रभारच.

शिवाय ढगाच्या तळाशी पुष्कळदा थोडासा धन प्रभार असतो. २ किलोमीटर उंचीवर अवघे ३ कूलोम धरून कोष्टकात एक ओळ वाढवा. २० किलोमीटरवर ही नवी ओळ जेमतेम १३ व्होल्ट प्रति मीटर देते आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. ढगाच्या बरोबर खाली मात्र तीच ओळ खालच्या दिशेने १३,५०० देते, आणि ४० कूलोमच्या दोन प्रभारांनी मिळून उभे केलेले २१,६०० घटून ८,१०० वर येतात.